‘वही पूर्ण’ हा शेरा बंद करा: सहावी ते आठवीच्या इंग्रजीच्या तासाबद्दल खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीच्या वह्या वर्षातून दोन-तीनदा आपल्या टेबलावर येतात. तपासणीच्या तक्त्यात ठरलेले रकाने असतात: किती पाठ झाले, प्रश्नोत्तरं लिहून झाली का, शब्दार्थ आहेत का, प्रत्येक पानावर शिक्षकांची लाल खूण आहे का. खाली सही आणि शेरा, ‘वही पूर्ण’. सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणारे आम्ही काही शिक्षक हे पत्र त्या शेऱ्याविषयी लिहीत आहोत. रोजचा तास आणि रोजचा गृहपाठ दोन्ही त्याच्याकडे बघत चालतात. वही पूर्ण होते, आणि त्याच वहीच्या मालकाला कालच्या दिवसाबद्दल चार ओळी स्वतःच्या मनाने लिहायला सांगितलं की पेन हलत नाही.

वही पूर्ण कशी होते ते आधी पाहू. पाठ वाचून होतो, मराठीत अर्थ सांगून होतो, मग प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात आणि मुलं उतरवून घेतात. सहा उत्तरं, प्रत्येकी चार ओळी, म्हणजे २४ ओळी. या वयातलं बरंचसं मूल इंग्रजी उतरवताना शब्द बघत नाही, अक्षरं बघतं. मान वर, तीन अक्षरं डोक्यात, मान खाली, तीन अक्षरं कागदावर, पुन्हा मान वर. अशा २४ ओळींना तासाचा निम्मा वेळ सहज जातो आणि त्यात एकही वाक्य अर्थासकट डोक्यातून गेलेलं नसतं. उरलेलं ‘घरून पूर्ण करून आणा’, हाच गृहपाठ. घरी गाईड असतं, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीची वही असते, आणि आता फोनही असतो.

हुशार मुलं उत्तरं स्वतः शोधतात की, असं आपण म्हणाल. मग हे वाक्य बघा: ‘झिंबू फरगटावर टुमेलपणे डुलमत होता.’ झिंबू कुठे डुलमत होता? फरगटावर. कसा? टुमेलपणे. पैकीच्या पैकी गुण, आणि झिंबू माणूस की मांजर हेही आपल्याला ठाऊक नाही. पाठाखालचे बरेचसे प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातलं नाव पाठात शोधायचं, त्या ओळीवर बोट ठेवायचं, ओळ उचलायची. मुलं यात लबाडी करत नाहीत; प्रश्नाने जेवढं मागितलं तेवढं ती देतात.

याच पाठावर दुसऱ्या जातीचे प्रश्न विचारता येतात आणि त्यांना तयारीही फार लागत नाही. पाठातल्या एखाद्या ‘इट’ला, ‘दे’ला किंवा ‘हिम’ला पेन्सिलीने गोल करा आणि विचारा: हा कोण? उत्तर एका शब्दाचं, पण मागची दोन वाक्यं कळल्याशिवाय ते येत नाही. मराठी मुलांना इथे जास्त अडखळायला होतं आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो. सर्वनामाचं लिंगच अर्धं उत्तर देऊन जातं. इंग्रजीत तिन्हींना एकच ‘इट’, तेव्हा कोणतं ‘इट’ कशाला चिकटलंय हे दरवेळी अर्थावरून ठरवावं लागतं. एका परिच्छेदात असे पाच गोल म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. दुसरा प्रकार: पाठातली पाच वाक्यं क्रम मोडून द्यायची आणि लावून घ्यायची. तिसरा: तीन विधानं द्यायची आणि पाठात थेट लिहिलेलं नाही, पण पाठावरून खरं ठरतं असं कोणतं ते निवडायला सांगायचं. या तिन्हींची उत्तरं वहीत दोन-तीन ओळींत संपतात. म्हणजे आपल्या तक्त्याप्रमाणे ती वही ‘अपूर्ण’.

आता ४० मिनिटांच्या तासाबद्दल. आमच्या मते तो साधारण असा जावा. पहिली पाच मिनिटं वह्या-पुस्तकं बंद, हातात कागदाची चिठ्ठी, फळ्यावर पाच छोटे प्रश्न: तीन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुढची तीन मिनिटं गृहपाठाला. मग १२ मिनिटं वाचन, १० मिनिटं बोलणं, आठ मिनिटं लेखन, आणि शेवटची दोन मिनिटं उद्याचा गृहपाठ फळ्यावर लिहून समजावायला. रोज मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण लेखनाची आठ आणि शेवटची दोन कुणालाही खाऊ देऊ नयेत. सध्या गृहपाठ घंटा वाजता वाजता सांगितला जातो, अर्धी मुलं दप्तर भरत असतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘मॅडम, मला वाटलं फक्त तिसरा प्रश्न’ सुरू होतं.

चिठ्ठीवरचे ते पाच प्रश्न म्हणजे परीक्षा नव्हे. गुण द्यायचे नाहीत, नोंद करायची नाही. उत्तरं सांगायची, मुलं स्वतः तपासतात आणि चिठ्ठी पाठ्यपुस्तकात ठेवून देतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून कालच्याचे प्रश्न तीन आणि जुन्याचे दोन. एक चूक मात्र नेहमी होते: प्रश्न अवघड काढले जातात. पाचपैकी चार बहुतेकांना जमायला हवेत. आठवून काढण्याचा सराव व्हावा एवढ्यासाठीच ते आहेत, आणि जे मूल रोज पाचपैकी एकावर थांबतं ते दोन आठवड्यांत चिठ्ठी काढायचंच सोडून देतं.

वाचनाच्या १२ मिनिटांत एकाने उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी बोट ठेवायचं ही जुनी रीत आहे. ४० मुलांच्या वर्गात, अख्खा तास वाचनाला दिला तरी, एकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. उरलेली ३९ मिनिटं ते मूल आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे मोजण्यात घालवतं. त्यापेक्षा १०-१२ ओळी शिक्षकांनी एकदा नीट वाचाव्यात, मुलांची नजर पुस्तकात. मग जोडीजोडीने, हलक्या आवाजात, दोन मिनिटं एकाने आणि दोन मिनिटं दुसऱ्याने. चार मिनिटांत प्रत्येकाचं दोन मिनिटं वाचन. वर्गात गलका होतो, हे कबूल. बाहेरून जाणाऱ्या पर्यवेक्षकांना वाटतं, वर्गावर कोणी नाही. तेव्हा दारातून परत न जाता आत येऊन एखाद्या बाकाशी वाकून ऐकावं, ही विनंती.

बोलण्याच्या भागात एकच वाक्यरचना घ्यावी, दोन नाही. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणणं दोनदा पुरे. तिसऱ्यांदा निम्मी मुलं नुसते ओठ हलवत असतात. नंतर एकेकाला विचारताना आधी प्रश्न, मग थोडं थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीच्या ३९ जणांची सुटका होते. हे थांबणं किती असावं? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. ते तीन सेकंदांपर्यंत थांबू लागले तशी उत्तरं लांब झाली आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली. तो अभ्यास विज्ञानाच्या तासांचा होता. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, उत्तर बहुधा मराठीत सुचतं आणि मग ते इंग्रजीत जुळवायचं असतं. इथे आम्ही पाच सेकंद मोजू. मनातल्या मनात पाच मोजून बघा, केवढे लांब वाटतात.

शब्दार्थांचा रकाना तक्त्यात आहे, म्हणून एका पाठाला वीस-पंचवीस शब्दार्थ वहीत येतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, दोन्ही गाईडमधून. एका पाठाला सहा ते आठ शब्द पुरतात. कोणते? जे पुढच्या पाठांत पुन्हा भेटतील ते. मायकेल वेस्ट या इंग्रजी-अध्यापनाच्या अभ्यासकाने १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, त्यात सुमारे २००० मूळ शब्द होते. आठवी संपेपर्यंत हे दोन हजार पक्के झाले तर पुष्कळ झालं. पाठात आलेल्या दुर्मीळ पक्ष्याचं किंवा जहाजाच्या शिडाचं नाव शिक्षकांनी तोंडी सांगून पुढे जावं.

शब्द लिहिताना त्याच्यासोबत त्याचा जोडीदारही लिहावा. मराठीत आपण चूक ‘करतो’ आणि गृहपाठही ‘करतो’. इंग्रजीत चुकीला ‘मेक’ लागतं आणि गृहपाठाला ‘डू’. ‘मिस्टेक म्हणजे चूक’ एवढंच पाठ केलेलं मूल ‘आय डिड अ मिस्टेक’ लिहिणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. वहीत नुसता ‘मिस्टेक’ न लिहिता ‘मेक अ मिस्टेक’ हा अख्खा तुकडा लिहिला असता तर तो तसाच डोक्यात गेला असता. त्याखाली त्या तुकड्याचं एक स्वतःचं वाक्य. पाठातलं वाक्य उचललेलं चालणार नाही.

स्पेलिंगसाठी ‘दहा वेळा लिहून आणा’ हा गृहपाठ सर्वांत जास्त दिला जातो, आणि त्याचं काय होतं हे मागच्या बाकावर जाऊन पाहण्यासारखं आहे. ‘नाइफ’ दहा वेळा लिहायचा असेल तर मूल आधी दहा ‘के’ एकाखाली एक काढतं. मग वर येऊन दहा ‘एन’. मग दहा ‘आय’. पाच उभे रकाने भरले की दहा ‘नाइफ’ तयार, आणि तो शब्द सलग एकदाही लिहिलेला नाही. हात भराभर चालतो, पान सुबक दिसतं, लाल बरोबरची खूणही मिळते. त्याऐवजी चार पायऱ्या: बघा, झाका, लिहा, पडताळा. शब्द पाच सेकंद बघायचा, हाताने झाकायचा, आठवून लिहायचा, हात काढून अक्षर न् अक्षर ताडायचं. चुकलं तर चुकलेलं अक्षर अधोरेखित करून पुन्हा तेच. असा तीनदा, तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिलेला शब्द त्या दहा ओळींपेक्षा पक्का बसतो. शब्द सुटे न देता कुळाने द्यावेत. ‘लाइट, नाइट, फाइट, राइट’ यांचा शेवट आय-जी-एच-टी हा एकच. ‘कॅप’चा ‘केप’, ‘पिन’चा ‘पाइन’ आणि ‘हॉप’चा ‘होप’ होतो तो शेवटच्या न उच्चारल्या जाणाऱ्या ‘ई’मुळे. मराठीत जे बोलतो ते जवळपास तसंच लिहितो, त्यामुळे न बोलणारं अक्षर ही कल्पनाच मुलांना नवी असते. ती एकदा फळ्यावर उलगडून सांगावी लागते. दहा वेळा लिहून ती कळत नाही.

व्याकरणाच्या चुकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लाल शाई सगळ्यात जास्त इथे वाया जाते. घरची भाषा मराठी असलेल्या मुलांच्या चुका विखुरलेल्या नसतात. त्या मराठीच्या साच्यातून येतात आणि वर्षानुवर्षं त्याच येतात. ‘शी डिडन्ट वेंट’ घ्या. मराठीत ‘ती गेली’ला ‘नाही’ जोडलं की काम झालं. ‘गेली’ भूतकाळातच राहते. मूल नेमकं तेच करतं, ‘वेंट’ला भूतकाळातच ठेवून नकार जोडतं. ‘आय टोल्ड टू हिम’ आणि ‘शी आस्क्ड टू मी’ ही ‘त्याला’, ‘मला’मधल्या ‘ला’ची करामत. ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’मध्ये ‘दोन वर्षांपासून’मधलं ‘पासून’ बसलंय. ‘आय ॲम गो’मधलं ‘ॲम’ म्हणजे ‘मी जात आहे’मधलं ‘आहे’. आणि ‘ही वेंट?’ असा नुसता प्रश्नचिन्हावर भागवलेला प्रश्न येतो, कारण आपल्याकडे ‘तो गेला’च्या शेवटी ‘का’ ठेवला की प्रश्न तयार, बाकीचं वाक्य जागचं हलत नाही.

या चुका कुठून येतात ते मुलांना सरळ सांगावं. फळ्यावर वरच्या ओळीत मराठी वाक्य, खाली इंग्रजी, आणि बाणांनी काय कुठे गेलं ते दाखवायचं. ‘ती गेली नाही’च्या खाली ‘शी डिड नॉट गो’. ‘गेली’पासून दोन बाण निघतात: भूतकाळाचा ‘डिड’कडे, जाण्याचा ‘गो’कडे. मराठीत जे एका शब्दात होतं ते इंग्रजीने नकारात दोन शब्दांत वाटून दिलंय, हे त्या दोन बाणांत दिसतं. व्याख्या सांगायची गरज पडत नाही. नंतरचा क्रम असा. पहिल्या दिवशी ‘वेंट, सॉ, एट, टुक, केम, बॉट’ घालून सहा सरळ वाक्यं आणि त्यांचे नकार. दुसऱ्या दिवशी त्याच सहांचे प्रश्न. तिसऱ्या दिवशी सरळ, नकार आणि प्रश्न मिसळून नऊ वाक्यं, कारण एकाच साच्याची वाक्यं ओळीने दिली की चौथ्यापासून मूल विचार न करता ‘डिड नॉट’ छापत सुटतं. चौथा दिवस मोकळा. पाचव्या दिवशी त्या नऊपैकी पाच श्रुतलेखनाला, तीही मराठीत सांगून. मुलांनी इंग्रजीत लिहायची. ‘डिडन्ट वेंट’ खरंच गेलं की नाही हे या पाचव्या दिवशी कळतं. पहिल्या दिवशीच्या सहापैकी सहावर विश्वास ठेवू नये.

आठवड्याला अशी एकच चूक घ्यावी. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत नेमका जोड नाही, त्यामुळे ते सर्वांत उशिरा सुधारतात. सहावीच्या वहीत त्यावर लाल शाई घालवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्गात तोंडाने बरोबर रूप म्हणत राहावं, एवढं पुरे.

इथून तपासण्याचा हिशेब सुरू होतो. ४० वह्या, प्रत्येकीला तीन मिनिटं, म्हणजे एका तुकडीला दोन तास. तीन तुकड्या असतील तर एका दिवसाच्या गृहपाठाला सहा तास. हे कोणालाही रोज जमत नाही, आणि जमत नाही म्हणून पानाच्या कोपऱ्यात न वाचता खूण होते. ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. काही मुलं मधल्या ओळीत मुद्दाम काहीतरी भलतंच लिहून बघतात, आणि त्यावरही बरोबरची खूण येते. त्या दिवसापासून गृहपाठाचा शिक्षकांशी संबंध संपला.

यावर आमचा उपाय साधा आहे. एका तुकडीच्या रोज आठ वह्या, पाच दिवसांत ४०. आठ वह्यांना २४ मिनिटं लागतात. प्रत्येक मुलाची वही आठवड्यातून एकदा, पण खरोखर वाचलेली. त्यात आठवड्याची ठरलेली चूक सोडून दुसरं काही दुरुस्त करायचं नाही. ती चूकही शिक्षकांनी सुधारायची नाही. ज्या ओळीत आहे त्या ओळीसमोर समासात एक ठिपका. मूल ओळ पुन्हा वाचतं, चूक शोधतं आणि तेवढंच वाक्य खाली नीट लिहितं. यासाठी दुसऱ्या दिवशी वर्गातच तीन मिनिटं द्यावी लागतात. नाहीतर ठिपके तसेच राहतात आणि महिन्याभरात शिक्षकही ते द्यायचे सोडतात. बाकीच्या ३२ वह्या रोज जोडीने तपासल्या जातात, फळ्यावरच्या उत्तरांवरून.

गुणांचं काय? रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. १० पैकी सहा दिसले की नजर शेजाऱ्याच्या वहीवर जाते, शेऱ्यावर नाही. रोजच्या गृहपाठाला म्हणूनच गुण नकोत. शेराही ‘छान’, ‘सुधारणा हवी’ असा नको. ‘तिसऱ्या आणि सातव्या ओळीत डिडनंतरचा शब्द बघ’ हा शेरा झाला.

आता खुद्द गृहपाठ. हॅरिस कूपर या अमेरिकी संशोधकाने गृहपाठावरच्या संशोधनाचा आढावा घेताना इयत्तेगणिक १० मिनिटांच्या नियमाचा पुरस्कार केला होता: सहावीला ६० मिनिटं, आठवीला ८०. ही वेळ सगळ्या विषयांची मिळून आहे. इंग्रजीच्या वाट्याला त्यातली १० ते १५ मिनिटं येतात. २४ ओळी घरी उतरवून आणायला सांगणारा शिक्षक गणिताच्या वाट्याची मिनिटंही खातो, आणि गणिताचा शिक्षकही तेच करत असतो.

एवढ्या वेळात बसेल असा गृहपाठ ओळखायच्या आमच्या दोन कसोट्या आहेत. पहिली: त्याचं पहिलं वाक्य वर्गातच लिहून झालेलं असावं. लेखनाच्या त्या आठ मिनिटांत मूल सुरुवात करतं, शिक्षक बाकांमधून फिरतात, ज्याला मुळातच कळलेलं नाही ते तिथेच सापडतं, घरी रात्री साडेनऊला नाही. दुसरी: घरात कोणालाच इंग्रजी येत नसलं तरी मूल तो एकट्याने करू शकेल का? ‘आईवडिलांच्या मदतीने’ असं लिहिलेला प्रत्येक गृहपाठ इथे नापास होतो. घरच्यांकडून मागायचंच असेल तर ऐकण्याची पाच मिनिटं मागावीत. मुलाने मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकल्याची सही करायची. वाचन अडखळत होतं की सरळ, हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं.

सोमवार ते शुक्रवारचा नमुना द्यायचा तर असा. सोमवारी सहा शब्द, बघा-झाका पद्धतीने. मंगळवारी १० ओळी तीनदा मोठ्याने, तिसऱ्यांदा घड्याळ लावून. बुधवारी वर्गात सुरू केलेली सहा वाक्यं पुरी करणं. गुरुवारी सोमवारचेच शब्द पुन्हा आणि त्यातल्या तिघांची वाक्यं. शुक्रवारी काहीही नवं नाही, आठवड्याभरातल्या ठिपक्यांची वर्गात राहून गेलेली दुरुस्ती. शनिवार-रविवारसाठी वाचायला एखादी सोपी गोष्ट. सोपी म्हणजे शंभर शब्दांत पाचांहून जास्त अनोळखी नकोत, नाहीतर मूल दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतं.

निबंध घरून मागवणं मात्र आता थांबवावं. फोनवर विषय टाकला की क्षणात निबंध मिळतो, भाषांतरही मिळतं, आणि त्याची भाषा शिक्षकांपेक्षा बरी असते. त्यावर पहारा ठेवण्यात आम्हाला वेळ घालवायचा नाही. मोठं लेखन वर्गात, पेनाने, पंधरवड्यातून एकदा जोडून दिलेल्या दोन तासांत व्हावं. पहिल्या तासात मुद्दे बोलून काढायचे आणि कच्चं लिहायचं, दुसऱ्यात जोडीदाराने वाचायचं, दुरुस्ती, मग पक्कं. घरी फोनने करून देता येणार नाही असं काम उरतं: मोठ्याने वाचणं, शब्द आठवणं, उद्या वर्गात सांगायच्या तीन वाक्यांची तयारी.

आणि गृहपाठ न केलेली मुलं? त्यांना बाहेर उभं करणं म्हणजे ज्यांना तासाची सर्वाधिक गरज आहे त्यांचाच तास काढून घेणं. एक छोटी नोंद ठेवावी, नावापुढे एक अक्षर: ‘न’ म्हणजे समजलं नाही, ‘वि’ म्हणजे विसरलं, ‘वे’ म्हणजे वेळ मिळाला नाही. मूल स्वतः सांगतं आणि शिक्षा नसेल तर बहुधा खरं सांगतं. महिन्याने ती नोंद वाचता येते. एकाच नावापुढे ‘वे’ पुन्हा पुन्हा आलं तर घरी विचारावं लागेल. एकाच दिवशी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वर्गापुढे ‘न’ आलं तर तो गृहपाठच चुकलेला होता. तो वर्गात पुन्हा घ्यायचा, विषय संपला.

हे सगळं शिक्षकांनी करायचं, मग पत्र आपल्याला का? कारण यातलं काहीही केलं की वही कमी भरते. आठवड्याला तीन पानांऐवजी एक पान. त्यात खोडलेलं असतं, समासात ठिपके असतात, चिठ्ठ्या तर वहीत नसतातच. अशी वही घेऊन सध्याच्या तपासणीला उभं राहायची हिंमत नव्या शिक्षकाला होत नाही, मग तो पुन्हा फळ्याकडे वळतो आणि उत्तरं लिहून देतो.

म्हणून मागण्या आपल्याकडे. प्रत्येक पानावर लाल खूण असावी ही अट काढा. पंधरवड्यातून एकदा दोन तास जोडून द्या. कोणत्या दिवशी कोणत्या विषयाने किती मिनिटांचा गृहपाठ दिला याचा एक कागद शिक्षकदालनात लावा, म्हणजे एकाच संध्याकाळी पाच विषय मुलाच्या मानेवर बसणार नाहीत. आणि तपासणीची रीत बदला. वही उघडल्यावर जूनमधली कोणतीही एक दुरुस्त केलेली चूक शोधा, समजा ‘डिडन्ट वेंट’. मग सप्टेंबरची पानं चाळा आणि तीच चूक पुन्हा दिसते का बघा. नंतर त्या मुलाला बोलावून वही मिटवा आणि काल काय केलं नाही, त्याची तीन वाक्यं समोर लिहून घ्या. एका वहीला चार मिनिटं लागतील. सगळ्या वह्या नकोत, वर्गातल्या पाच पुरेत, आणि त्या पाच शिक्षकांनी निवडलेल्या नसाव्यात.

पुढच्या तपासणीचा तक्ता छापायला जाईल तेव्हा ‘पूर्ण / अपूर्ण’च्या जागी दोन रकाने टाका: ‘सुधारलेली चूक’ आणि ‘समोर लिहिलेली तीन वाक्यं’.

आपले,
सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक